सुटकेचा हुकूम आधी पोहोचला पाहिजे

सिंहस्थ जवळ येऊ लागला तसा नाशकात एक वाद पुन्हा वर आला आहे. घाटांवर किती कॅमेरे बसणार, ते चेहरे ओळखणार का, आणि पोलिसांचे संगणक कोर्टाच्या, तुरुंगाच्या, प्रयोगशाळेच्या संगणकांशी जोडून टाकावेत का. एक बाजू म्हणते, सगळे जोडा, गुन्हेगाराला लपायला जागा राहणार नाही. दुसरी म्हणते, काहीही जोडू नका, सरकारची नजर घराघरात शिरेल. गेली बावीस वर्षे मी नाशिक जिल्ह्यात फौजदारी वकिली करतो आहे, आणि दोन्हीकडचे बोलणे ऐकताना मला एकच खंत वाटते: दोघांच्याही डोळ्यांसमोर पकडला जाणारा माणूस आहे, सुटणारा माणूस कुणाच्याच डोळ्यांसमोर नाही. माझे म्हणणे असे, की जोडणी झालीच पाहिजे, पण ती दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली पाहिजे. संशयिताचे नाव ठाण्याच्या पडद्यावर किती सेकंदांत येते, यावर तिचे यश मोजू नका. जामिनाचा हुकूम तुरुंगात किती तासांत पोहोचतो आणि निर्दोष सुटल्याची नोंद ठाण्यात किती दिवसांत होते, यावर मोजा.

हे मी पुस्तक वाचून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाला शुक्रवारी दुपारी जामीन मंजूर झाला. सेंट्रिंगचे काम करणारा मुलगा, चोरीच्या गुन्ह्यात पहिल्यांदाच अडकलेला. जामीनदार हजर होता, त्याचा सात-बारा होता, रेशन कार्ड होते. सुटकेचा आदेश सही-शिक्का होऊन हातात पडला तेव्हा सव्वापाच वाजले होते. तो घेऊन माणूस पोहोचेपर्यंत त्या दिवसाची सुटकेची वेळ टळली. शनिवारी सकाळी कळले, की आदेशावर कलम एक लिहिले आहे आणि तुरुंगातल्या वॉरंटवर दुसरेच, दोषारोपपत्र दाखल होताना एक कलम वाढले होते आणि ते आतल्या कागदावर चढलेच नव्हते. तो चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी. दुरुस्ती सोमवारी झाली, मुलगा सोमवारी रात्री बाहेर आला. न्यायाधीशांनी त्याला सोडा म्हटल्यानंतर तो तीन रात्री आत होता. त्याची बायको दोन्ही दिवस डबा घेऊन फाटकासमोरच्या झाडाखाली बसून होती. कोर्टाचे किंवा तुरुंगाचे नाव घेत नाही, कारण तिथल्या एकाही माणसाने वाईट हेतूने काही केले नव्हते. प्रत्येकजण आपापल्या रजिस्टरला प्रामाणिक होता. ती रजिस्टरे एकमेकांना ओळखत नव्हती, एवढेच.

हा गरिबाच्याच वाट्याला येणारा अनुभव आहे असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत एका नामवंत सिनेनटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला, देशातले नाणावलेले वकील त्याच्यासाठी उभे होते, तरी कागद आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत ठरलेल्या वेळेत पडला नाही म्हणून त्याची एक रात्र वाढली. त्याच वर्षी जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या तेरा बंद्यांना खुद्द सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही सुटायला दिवस लागले, तेव्हा न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्यातून मार्च २०२२ मध्ये ‘फास्टर’ नावाची हुकूम पाठवण्याची संगणकीय पद्धत आली. ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत बंद्याला गेली पाहिजे, अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत नोंदवली पाहिजे, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवले पाहिजे. जोडणी नको म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: हे सगळे हातोहात कागद नेऊन कसे होणार? २०२२ च्या राष्ट्रीय तुरुंग आकडेवारीनुसार देशात ५,७३,२२० माणसे तुरुंगात होती आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांच्यासाठी कोर्ट आणि तुरुंग यांच्यातली तार ही चैन कशी म्हणायची?

यंत्रणा नाही अशातला भाग नाही. पोलीस ठाण्यांच्या नोंदी संगणकावर आणून एकमेकांना जोडणारा सीसीटीएनएस प्रकल्प केंद्राने २००९ साली मंजूर केला, दोन हजार कोटींचा. कोर्टांचे ई-कोर्ट्स, तुरुंगांचे ई-प्रिझन्स, शिवाय प्रयोगशाळा आणि सरकारी वकील, अशी पाच खाती एका धाग्यात ओवणाऱ्या आयसीजेएसचा दुसरा टप्पा २०२२ मध्ये मंजूर झाला, त्याला ३,३७५ कोटी रुपये. नोंद एकदाच करायची आणि पुढे सगळ्यांनी तीच वापरायची, हे त्याचे तत्त्व. तत्त्व उत्तम आहे. प्रत्यक्षात काय दिसते? एकाच माणसाच्या एकाच प्रकरणाला ठाण्यात गु. र. नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, असतो, कोर्टात आरसीसी हा खटल्याचा नंबर आणि सीएनआर हा सोळा अक्षरांचा ओळख क्रमांक, तुरुंगात बंदी क्रमांक, प्रयोगशाळेत मुद्देमालाचा आणखी वेगळा क्रमांक. हे पाच नंबर एकाच प्रकरणाचे आहेत हे जुळवणारा दुवा आजही पुष्कळदा ठाण्याच्या वतीने कोर्टाच्या तारखा सांभाळणारा पैरवी हवालदार असतो, त्याच्या पिशवीतल्या वहीसह. तो रजेवर गेला की प्रकरण आंधळे होते. नाशिकसारख्या शहरात तर शहर पोलीस आयुक्तालय, ग्रामीण पोलीस, जिल्हा न्यायालय, मध्यवर्ती कारागृह आणि विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळा ही सगळी दालने रिक्षाच्या अंतरावर आहेत. फौजदारांना घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमीही इथलीच. इथे जमले नाही, तर सुरगाण्याच्या ठाण्याला आणि मालेगावच्या कोर्टाला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

मोठी कपाटे बांधून हे सुटत नाही, हे आपल्याच देशाने सव्वाशे वर्षांपूर्वी जगाला शिकवले आहे. १८९७ साली कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. बोटांचे ठसे त्याआधीही घेतले जात होते, पण हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, याचे उत्तर नव्हते. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली वर्गवारीची रीत बसवली, १,०२४ खण पाडले, आणि ठसा पाहताच तो कोणत्या खणात जाईल हे ठरू लागले. पद्धतीला नाव साहेबाचे लागले हे आपले दुर्दैव, पण मुद्दा वेगळा आहे. वीज नाही, संगणक नाही, तरी ती पद्धत देशोदेशी गेली, कारण प्रत्येक कार्यालयाने खणांची एकच रीत मान्य केली. आज आपल्याकडे सर्व्हर आहेत आणि खणांवर एकमत नाही. ठाण्यात नाव मराठीत चढते, तुरुंगात इंग्रजीत, कोर्टात कारकुनाच्या सवयीप्रमाणे. शेख हे नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. पवार आडनाव मराठ्यांत आहे, पारध्यांत आहे, पेठ-सुरगाण्याच्या कोकणा आदिवासींत आहे. नावसाधर्म्यामुळे भलत्याच पवाराला अजामीनपात्र वॉरंटवर उचलून आणल्याचे फौजदारी वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, तो एक तरी प्रकरण सांगेल.

आणि आता तर कायद्यानेच ही जोडणी गृहीत धरली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पाहा. ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. पण या माणसाला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही हे अधीक्षकांना कोण सांगणार? एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही, असेही त्याच कलमात आहे. मग दुसऱ्या जिल्ह्यातले ते दुसरे प्रकरण दोन वर्षांपूर्वीच निकाली निघाले, त्यात हा निर्दोष सुटला, हे तुरुंगाच्या नोंदीत नसेल तर? १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतली अशी माणसे देशासमोर आली, ज्यांनी दोषी ठरले असते तरी जेवढी शिक्षा झाली नसती त्याहून जास्त काळ खटल्याची वाट पाहत काढला होता. त्यांच्याविरुद्ध कुणाचे कारस्थान नव्हते. त्यांचे दिवस मोजणारे कुणी नव्हते. दिवस मोजणे हे संगणकाला जमणारे सगळ्यात सोपे काम आहे.

आता विरोधकांच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येतो, कारण त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, सरकारी नोंद एकदा चिकटली की निघत नाही, आणि ती सगळीकडे पसरली तर माणूस जन्माचा डागाळतो. हे शंभर टक्के खरे आहे आणि महाराष्ट्राला तरी ते पुराव्यानिशी सांगावे लागू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जातींची नावे रजिस्टरात घातली, हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, पण चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी गाडी जाते हे आजही चालूच आहे. कायदा गेला, रजिस्टर पोलिसांच्या डोक्यात राहिले. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश द्यावा लागला. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. उद्या हाच रकाना दुसऱ्या नावाने संगणकात शिरला आणि पाचही खात्यांत एका क्षणात पोहोचला, तर काय होईल, ही भीती ज्यांना वाटते त्यांच्या बाजूने मी उभा आहे.

पण या भीतीतून ‘जोडू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. न जोडलेल्या नोंदी निरुपद्रवी असतात हा समज चुकीचा आहे. ठाण्यातली सराइतांची यादी कोर्टाशी जोडलेली नसते म्हणूनच ती घातक होते. कुणी तिला तपासत नाही, कधी उघडली, कुणी उघडली याचा माग राहत नाही, आणि कोर्टाचा निकाल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. माझ्याकडे आलेला एक तरुण, निफाडकडचा. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत त्याचे नाव फिर्यादीत गोवले गेले, चार वर्षे तारखा झाल्या, कोर्टाने त्याला निर्दोष सोडले. पुढे एका कारखान्यात कायम होण्याची वेळ आली, चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, आणि दाखल्यावर आले: गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट. निकाल लागून चौदा महिने झाले होते. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन तो तीन कार्यालये फिरला. नोंद दुरुस्त झाली तोवर ती जागा भरली गेली होती. या मुलाचे नुकसान जास्त जोडणीने झाले की कमी जोडणीने?

तीच गोष्ट २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याची. बोटांचे ठसे, डोळ्यांचे बुबुळ, छायाचित्रे असा तपशील पंचाहत्तर वर्षे ठेवण्याची मुभा त्यात आहे. ही मुदत मला अमानुष वाटते. पण त्याच कायद्यात असेही आहे, की पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याशिवाय सुटला किंवा निर्दोष ठरला, तर अपिलांचे मार्ग संपल्यावर त्याचा तपशील नष्ट करायचा, न्यायालयाने वेगळा हुकूम दिला नसेल तर. नष्ट करायची वेळ आली हे तपशील सांभाळणाऱ्याला कळणार कसे? कोर्टाचा निकाल आपोआप तिथे पोहोचला तरच. म्हणून खासगीपणासाठी लढणाऱ्या माझ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, की जोडणीला सरसकट नकार देऊ नका. आरोपाची नोंद जिथे जिथे गेली, तिथे तिथे निकालाची नोंद तेवढ्याच वेगाने गेली पाहिजे, आणि जिथे ती जाऊ शकत नाही तिथे आरोपही पाठवता येणार नाही, अशी अट घालून घ्या. ही अट सॉफ्टवेअरमध्ये बसवता येते. ती कुणी मागितलेलीच नाही.

दुसरा आक्षेप यंत्राच्या चुकीचा. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या ‘होरायझन’ प्रणालीने हिशेबात तूट दाखवली आणि तिच्या भरवशावर नऊशेहून अधिक पोस्टचालक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणक बरोबरच असणार हे तिथल्या कोर्टांनी धरून चालले होते. दोषसिद्धी सरसकट पुसायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. इतके दूरही जायला नको. आपल्याकडे सात-बारा संगणकावर चढला तेव्हा काय झाले ते शेतकऱ्याला विचारा. कुणाचे क्षेत्र आणेवारीत चुकले, कुणाच्या बहिणीचे नाव उडाले, कुणाच्या विहिरीची नोंद गेली, आणि कलम १५५ खालचे अर्ज घेऊन लोक तहसीलच्या पायऱ्या चढू लागले. पण त्यावर महाराष्ट्राने काय केले, हे मला फार मोलाचे वाटते. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठ्याने संगणकातला उतारा गावासमोर वाचून दाखवायचा, ज्याची जमीन त्याने चूक सांगायची. सगळ्या चुका गेल्या असे नाही, पण नोंद ज्याच्याबद्दल आहे त्याला ती ऐकण्याचा आणि खोडून काढण्याचा हक्क आहे, हे शासनाने मान्य केले.

फौजदारी नोंदींचे चावडी वाचन गावासमोर करायचे नाही, हे उघड आहे. ते त्या माणसासमोर व्हावे. कच्च्या कैद्याला दर तीन महिन्यांनी त्याची स्वतःची नोंद मराठीत वाचून दाखवावी: नाव, वडिलांचे नाव, कलमे, अटकेची तारीख, इतर प्रलंबित प्रकरणे, पुढची तारीख, कलम ४७९ खाली त्याचा एक तृतीयांश काळ कधी भरतो. विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तुरुंगात जातातच, हे काम त्यांना देता येईल. फिर्यादीलाही तिच्या प्रकरणाचे असेच सांगावे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायची, हे नव्या संहितेत आहेच. विनयभंगाची फिर्याद देऊन वर्षभर ठाण्याचे खेटे घालणाऱ्या बाईला सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल, कुठे अडकला हे कळणे, हासुद्धा न्यायाचाच भाग आहे. आज दोषारोपपत्र रिपोर्टशिवाय दाखल होते, ‘मागाहून सादर करू’ असे लिहिले जाते, आणि तो मागाहून कधी येईल हे सरकारी वकिलालाही सांगता येत नाही.

कोर्टाच्या स्वातंत्र्याचा आक्षेप तत्त्वाचा आहे. पोलीस आणि तुरुंग गृहखात्याखाली, कोर्टे उच्च न्यायालयाखाली. मग न्यायालयाची दप्तरे गृहखात्याच्या हाती का द्यायची? देऊच नयेत. जोडणी टपालासारखी असावी, गोदामासारखी नको. प्रत्येकाने आपली नोंद आपल्याकडे ठेवावी आणि दुसऱ्याला कायद्याने जेवढे कळायला हवे तेवढेच पाठवावे. न्यायाधीशांचे टिपण ठाण्याला दिसण्याचे कारण नाही, निकाल मात्र दिसलाच पाहिजे. कुणी काय उघडून पाहिले याची नोंदवही न्यायालयाच्या ताब्यात असावी.

राहिला हवालदारांवरच्या ओझ्याचा प्रश्न, आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. तोच पंचनामा कागदावर, तोच संगणकात, त्याचीच छापील प्रत कोर्टाला, दुसरी सरकारी वकिलाला, वर झडतीचे चित्रीकरण मोबाइलवर, आणि डोंगरातल्या ठाण्यात नेटवर्क पावसाळ्यात चार-चार तास नाही. पण हा दुहेरी भार जोडणीमुळे आलेला नाही. एक खाते दुसऱ्याची नोंद खरी मानायला तयार नाही म्हणून तो आला आहे. ठाण्याने संगणकात चढवलेली फिर्याद कोर्ट स्वीकारणार असेल, तर छापील प्रत मागणे थांबले पाहिजे, आणि ते थांबवायला कोटींचा खर्च नाही, एक परिपत्रक पुरते.

कॅमेरेवाल्यांनाही दोन शब्द. २००३ च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. गर्दी कुठे दाटते हे दाखवणारा कॅमेरा जीव वाचवतो, तो बसवाच. पण गर्दी मोजणे आणि चेहरा पकडून त्याला ठाण्याच्या यादीशी ताडून पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्या यादीत चौदा महिने निर्दोष माणूस आरोपी म्हणून बसून राहतो, तिच्याशी लाखो भाविकांचे चेहरे ताडणार का? यादी आधी शुद्ध करा, मग तो प्रश्न चर्चेला घ्या.

हे करायला नवी समितीही नको. न्यायाधीन बंद्यांचा, म्हणजे कच्च्या कैद्यांचा, आढावा घेणारी समिती प्रत्येक जिल्ह्यात आधीपासून आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात, आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिथे एका टेबलाशी बसतात. नाशिकच्या समितीने सिंहस्थाच्या आधी प्रत्येक बैठकीत तीन आकडे जाहीर करायला सुरुवात करावी: जामिनाच्या आदेशापासून सुटकेपर्यंत सरासरी किती तास गेले, निर्दोष सुटल्यापासून ठाण्याची नोंद बदलेपर्यंत किती दिवस गेले, आणि किती प्रकरणांत सीए रिपोर्ट नव्वद दिवसांहून जास्त काळ रखडला. हे तीन आकडे आज एकाही खात्याला एकट्याने काढता येत नाहीत. ते काढायचे ठरवले, की कोणाचा संगणक कोणाशी आणि कुठल्या रकान्यात जोडायचा हे पाचही खात्यांना एकत्र बसून ठरवावेच लागेल. निफाडचा तो मुलगा आता दुसरीकडे कंत्राटावर काम करतो. निकालाची प्रमाणित प्रत त्याने लॅमिनेट करून घेतली आहे आणि ती तो स्कूटरच्या डिकीत ठेवतो, नाकाबंदीत कुणी नाव विचारले तर दाखवायला.